धुऱ्यापाशी थांबलेली शरीयत

मुस्लिम स्त्रीविषयी मराठीत लिहायचे म्हटले की तलाकपासून सुरुवात करायची आणि बुरख्यापाशी येऊन थांबायचे, असा एक रिवाजच पडून गेला आहे. लिहिणारा बाहेरचा असो की आपल्यातला, सुधारणावादी असो की जमातवाला, वाट तीच. एक म्हणतो, मुस्लिम बाईवर अन्याय होतो. दुसरा म्हणतो, इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वीच सगळे हक्क दिले. दोघांचेही भाषण संपते, टाळ्या पडतात आणि ज्या बाईविषयी हे सारे चालले होते ती संध्याकाळी दुसऱ्याच्या वावरातून कापूस वेचून घरी येते. त्याच शिवारात तिच्या बापाचे वावर असते. ते तिचा भाऊ वाहत असतो.

आम्ही म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील उर्दू शाळांत शिकविणाऱ्या काही बाया. कुणी पुसदकडची, कुणी दिग्रस-दारव्ह्याची, कुणी उमरखेडची. आम्ही कुठल्या संघटनेच्या नाही. पण शाळेत मुलीचा दाखला काढायला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आया येतात, ‘आपा, हा कागद वाचून द्या ना’ म्हणून पदराआडून घडी पुढे करतात. तो कागद पुष्कळदा हक्कसोडपत्राचा असतो. अनेकदा तर त्यावर आधीच अंगठा झालेला असतो आणि वाचून घ्यायला बाई नंतर आलेली असते.

या लेखात आम्हांला बोलायचे आहे ते या कागदाविषयी.

कुरआन शरीफमध्ये नमाजचा हुकूम वारंवार येतो. पण दिवसाच्या पाच नमाजांच्या रकाती किती, हे तिथे आकड्यांत सांगितलेले नाही. ते आपण हदीस आणि सुन्नतवरून शिकलो. वारसाहक्काचे मात्र तसे नाही. सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत निम्मा, चौथा, आठवा, दोनतृतीयांश, सहावा असे हिस्से आकड्यांनिशी आले आहेत. सातव्या आयतीत सांगितले आहे की आईबाप व जवळचे नातेवाईक जे मागे ठेवून जातील त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे, मग ती मालमत्ता थोडी असो वा फार, आणि हा वाटा ठरवून दिलेला आहे. हिस्से सांगून झाल्यावर तेराव्या-चौदाव्या आयतीत या अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादा आहेत असे बजावून, त्या ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे. इतक्या साफ शब्दांत सांगितलेला हुकूम आमच्या गावात सर्रास मोडला जातो आणि तो मोडणारा पहिल्या सफमध्ये उभा असतो.

या आयती कोणत्या प्रसंगी उतरल्या, तेही आमच्या जलशांतून फारसे सांगितले जात नाही. हजरत साद बिन रबी उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्यामागे पत्नी आणि दोन मुली होत्या. सादच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा घरात रडत बसली नाही. दोन्ही मुलींना घेऊन ती थेट हुजूर पैगंबरांकडे गेली आणि म्हणाली, यांच्या चाचाने यांच्यासाठी काहीच ठेवलेले नाही, आणि मालाशिवाय यांची लग्ने कशी होतील? त्यावर वारशाची आयत उतरली. पैगंबरांनी त्या भावाला बोलावून मुलींना दोनतृतीयांश, त्यांच्या आईला आठवा हिस्सा द्यायला लावला आणि उरले ते तुझे असे सांगितले. न्यायासाठी बाईने घराबाहेर पडून तक्रार करणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे जे म्हणतात, त्यांनी ही हदीस तिरमिजी आणि अबू दाऊदमध्ये काढून पाहावी.

आता आमच्या वर्गातल्या फळ्यावरचे एक गणित. अब्बा वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. जमीन बारा एकर. कर्ज, मैयतीचा खर्च वगैरे आधीच फिटला आहे असे धरू. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे दीड एकर. उरली साडेदहा. मुलाचे दोन, मुलीचा एक, असे पाच भाग. एकेक भाग दोन एकर चार गुंठ्यांचा. म्हणजे मुलगी दोन एकर चार गुंठे, प्रत्येक मुलगा चार एकर आठ गुंठे, अम्मी एक एकर वीस गुंठे. बेरीज बारा एकर. आठवीचे पोर पाच मिनिटांत सोडवते. मात्र तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढला तर उत्तर वेगळेच येते: मोठा भाऊ सहा एकर, धाकटा सहा एकर. अम्मी शून्य, मुलगी शून्य. हे गणित कोणत्या फिकहमध्ये बसते, हे आम्ही एकदोघा मौलानांना विचारले. त्यांनी मान हलवली, म्हणाले, ‘बात तो सही है.’ पुढच्या जुम्म्याचा खुतबा मात्र मुलींच्या मोबाइलवर झाला.

हा वाटा गिळताना जी कारणे दिली जातात ती ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. पहिले कारण म्हणजे, ‘बहिणीला लग्नात दिलेच की!’ काय दिले? कपाट, पलंग, भांडी, फ्रीज, जावयाला मोटारसायकल. यातले बाईच्या मालकीचे किती राहिले? मोटारसायकल जावयाच्या नावावर, पलंग सासऱ्याच्या घरात, भांडी झिजून गेली, आणि दागिना नवऱ्याच्या पहिल्याच नापिकीत सावकाराकडे गेला. शिवाय विरासत उघडते ती माणूस वारल्यावर. त्याने हयातीत दिलेली भेट म्हणजे विरासत नव्हे, हे कुठल्याही मदरशाचा तालिबे-इल्म सांगेल. आणि लग्नातला खर्च वजा करायचा असेल तर मग भावाच्या लग्नाचा, त्याच्या डी.एड.च्या देणगीचा, त्याला टाकून दिलेल्या किराणा दुकानाचा खर्चही वजा करा. तो हिशेब कुणी काढत नाही. जहेज ही इस्लाममध्ये नसलेली चाल, ती धरून ठेवायची. आणि इस्लामने फर्ज केलेला वाटा तिच्या नावाखाली बुडवायचा. एका दगडात दोन गुन्हे होतात.

दुसरे कारण जमिनीचे तुकडे होतील हे. आमच्या भागात कोरडवाहू जमीन, कापूस-तूर-सोयाबीन, विहिरीला पाणी असले तर असले. तुकडा परवडत नाही, हे आम्हांला कळते. आम्हीही शेतकऱ्यांच्याच पोरी आहोत. पण दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हा मधोमध धुरा पडतोच ना? तेव्हा कुणाला तुकडेबंदी आठवत नाही. आणि वाटा द्यायला जमीन फाडावीच लागते असेही नाही. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव सामाईक राहू द्या, जमीन भावानेच वाहावी आणि गावात जो मक्त्याचा भाव चालतो त्याप्रमाणे तिच्या वाट्याचे पैसे दर पाडव्याला द्यावेत. परक्याची जमीन मक्त्याने केली तर पैसे आगाऊ मोजतो आणि सख्ख्या बहिणीची फुकट करतो, याला काय म्हणावे?

तिसरे कारण सगळ्यांत गोड: ‘बहिणीने खुशीने सोडला.’ खुशीने! बाप जाऊन चाळीस दिवस झालेले नसतात, इद्दतीत बसलेली आई कोपऱ्यात असते, तालुक्याला जायला ऑटो दाराशी उभा असतो, आणि भावजय चहा देते त्या कपाच्या आवाजातच सगळे कळते. बाईला माहीत असते की सही केली तर ईदला, पहिल्या बाळंतपणाला, नवऱ्याने घराबाहेर काढले त्या रात्री हे दार उघडेल. नाही केली तर उघडणार नाही. दोन एकर चार गुंठे देऊन ती एक दार विकत घेते. खुशीच तपासायची असेल तर सोपा मार्ग आहे. आधी तिचे नाव चढवा. एक हंगाम तिच्या वाट्याचा पैसा तिच्या हातात द्या. मग विचारा, ‘बाई, सोडतेस का?’ तेव्हाही सोडले तर आमची हरकत नाही.

काही बाप तर मरणाची वाटच पाहत नाहीत. जिवंतपणी सगळे मुलांच्या नावे हिबा करून मोकळे होतात. हजरत नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना अशीच एक भेट दिली आणि पैगंबरांना साक्षीला बोलावले. पैगंबरांनी विचारले, सगळ्या मुलांना अशीच दिलीस का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्षी व्हायला नकार दिला. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. आमच्याकडे अशा हिब्याला साक्षीदार म्हणून दोन हाजीसाहेब सहज मिळतात.

आता चळवळींकडे वळू. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. पुढे १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. दलवाईंच्या सगळ्याच मतांशी आम्ही सहमत नाही, पण सातजणी रस्त्यावर आल्या याचे मोल आम्ही जाणतो. १९८२ साली जळगावात मुस्लिम बायकांना सिनेमा पाहण्याची बंदी झाली, तेव्हा रझिया पटेल उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल आला, १९८६ मध्ये त्यावर कायदा आला, २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ बाईच्या बाजूने लावला. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहिमबी हा लातूरचा खटला पूर्णपीठापुढे गेला आणि तलाक दिला असे नुसते कैफियतीत लिहून भागत नाही, तो कारणांसह आणि समेटाच्या प्रयत्नांसह सिद्ध करावा लागतो असे ठरले. २०१७ मध्ये शायराबानोचा निकाल, २०१९ मध्ये तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा, आणि जुलै २०२४ मध्ये तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते असा निर्वाळा.

ही यादी पुन्हा नजरेखालून घाला. यातली जवळपास प्रत्येक लढाई नवऱ्याच्या घराच्या उंबऱ्यावर झाली आहे. बापाच्या घराच्या उंबऱ्यावर एकही मोठी लढाई नाही. असे का? आमचे उत्तर कडू लागेल. सभेत बोलणारा, कोर्टात लढणारा, लेख लिहिणारा प्रत्येक पुरुष काही तलाक देणारा नसतो. त्यामुळे तलाकविरुद्ध बोलणे त्याला परवडते. पण तो कुणाचा तरी भाऊ असतोच. सुधारणावादी असला तरी असतो, शरीयत बचाववाला असला तरी असतो. या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे भाऊ एकाच बाजेवर बसलेले आहेत.

२०१८ मध्ये तलाक विधेयकाविरुद्ध मालेगावात, मुंबईच्या आझाद मैदानावर बुरख्यातल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या. शरीयत आम्हांला प्यारी आहे, असे फलक त्यांच्या हाती होते. त्यांच्या श्रद्धेवर आम्ही शंका घेत नाही. ज्यांनी ते फलक लिहून दिले त्यांना मात्र विचारतो, भाईजान, प्यारी शरीयत तुमच्या सातबाऱ्यावर कधी येणार?

कायद्याची एक फटही इथे सांगितली पाहिजे. ज्या १९३७ च्या शरीयत कायद्याचे नाव घेऊन आपण उठतो-बसतो, त्याच्या कलम दोनमध्ये शेतजमिनीचा वारसा वगळलेला आहे. १९३५ च्या कायद्याने शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत गेली होती, हे त्याचे एक कारण. आणि बडे जमीनदार मुलींना जमीन द्यायला राजी नव्हते, हे दुसरे. पुढे मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये आपापल्या दुरुस्त्या करून शेतजमीन आत घेतली. आमच्या महाराष्ट्रात ही दुरुस्ती मागणारा एकही मोर्चा आम्ही पाहिला नाही. शरीयतमध्ये दखल नको म्हणून मोर्चे निघतात. शरीयत अपुरी लागू आहे, ती पुरी करा, म्हणून कुणी निघत नाही.

हिंदू भगिनींचे फार बरे चालले आहे असेही कुणी समजू नये. त्यांना महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला, आणि त्याच तहसीलच्या ओट्यावर त्याही हक्कसोडपत्रावर सही करताना दिसतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील एकूण शेतखातेदारांत स्त्रिया होत्या सुमारे १४ टक्के. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखभर बाया जमल्या, आणि त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यांनी राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करून दिली अशी गावे निघाली. विदर्भात संघटनेचा एवढा जोर होता, आमच्यातले कितीतरी जण तिचे बिल्ले लावून फिरले. पण बायकोला जमीन द्यायला धर्माची सक्ती नसताना काही कुणबी-पाटलांनी ती दिली, आणि बहिणीला द्यायची सक्ती असताना आम्ही दिली नाही, ही तुलना आम्हांला लाज आणते.

कुणी म्हणेल, मुलीला मुलाच्या निम्माच वाटा आहे, तोच मुळात अन्याय आहे, त्यावर बोला. आमच्यात यावर दोन मते आहेत आणि ती आम्ही लपवत नाही. काहींना वाटते, खर्चाची जबाबदारी पुरुषावर टाकली म्हणून त्याला दुप्पट दिले, आणि ती जबाबदारी तो उचलत असेल तर ते ठीक. काहींना वाटते, आज बाई कमावते, घर चालवते, तेव्हा बापाने हयातीतच हिबा करून मुलामुलीला सारखे द्यावे. त्याला शरीयतचीही आडकाठी नाही. पण आठ आणे की रुपया हा वाद, चार आणेही हातात न ठेवणाऱ्याने घालू नये.

पैसा हातात नसला की त्याचा पहिला घाव शरीरावर पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आमच्याकडे येणाऱ्या आयांचे पांढुरके डोळे पाहायला सर्वेक्षण लागत नाही. एकीला गर्भाशयात गाठ होती. महिन्याचे पंधरा दिवस अंगावर जायचे. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात उपचार स्वस्तात होतो; पण जाण्या-येण्याचे भाडे, बाहेरून आणायच्या गोळ्या, सोबत कोण राहणार, तेवढ्या दिवसांची मजुरी, याला पैसा लागतोच. नवरा म्हणाला, कापूस विकला की पाहू. कापूस विकला, उधारी फिटली, बाई तशीच राहिली. असे दोन हंगाम गेले. तिचा भाऊ त्याच वर्षी उमऱ्याला जाऊन आला. त्याने बहिणीसाठी खजूर आणि जमजमचे पाणी आणले. तिच्या वाट्याच्या अडीच एकरांचा दोन वर्षांचा मक्ता आम्ही ढोबळ मनाने मोजला, तर तिचे ऑपरेशन, भाडे, औषध सगळे होऊन वर पैसे उरत होते. आम्ही तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘आपा, खजूर तो लाया ना.’

मेहरचेही असेच. ती निकाहनाम्यात लिहिली जाते, द्यायची म्हणून नव्हे. पहिल्या रात्री माफ करून घेतात, नाहीतर मैयतीच्या वेळी जनाज्याशी बाईला उभी करून ‘माफ किया’ म्हणवून घेतात. मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज आहे आणि वारशाची वाटणी व्हायच्या आधी ते फिटले पाहिजे, हे तिला कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये सरकारने ‘लाडकी बहीण’ काढली, महिना दीड हजार रुपये. बँकेच्या दारात रांगा लागल्या, आमच्या बायकाही त्यात होत्या. पैसे देणाऱ्या सरकारी भावाची पोस्टरे लागली. घरचा भाऊ मात्र त्या रांगेत बहिणीला मोटारसायकलवर आणून सोडतो आणि आपण किती पुढारलेलो आहोत या समाधानात असतो.

लग्नात आमच्याकडे ढोलक वाजते. ‘गाना-बजाना हराम’ म्हणून आता पुष्कळ घरांतून ढोलक माळ्यावर गेली आहे, त्याचे आम्हांला दुःख आहे, कारण बाईला आपले म्हणणे चारचौघीत म्हणायची तेवढीच एक जागा होती. रुखसतीच्या वेळी म्हटले जाणारे, अमीर खुसरोच्या नावावर सांगितले जाणारे ते बाबुलचे गाणे आठवा. त्यात मुलगी बापाला सरळ विचारते की भावाला घरेदारे दिलीस आणि मला परदेश का दिलास. शेकडो वर्षे बायका ते म्हणत आल्या, पुरुष मांडवाबाहेर उभे राहून डोळे पुसत आले. रडवणारे गाणे म्हणून ते चालले. वाटणीचा दावा म्हणून ते कुणी ऐकलेच नाही. गाणे बंद करण्याचा उत्साह ज्यांना आहे त्यांनी त्यातला सवाल आधी मिटवावा, मग ढोलक आम्हीच उतरवून देऊ.

बाहेर समान नागरी कायद्याचे ढोल वाजत आहेत. उत्तराखंडात तो २०२५ च्या जानेवारीपासून लागूही झाला. त्यामागचा हेतू काय, हे न कळण्याइतक्या आम्ही भोळ्या नाही. पण आमचा नेता जेव्हा म्हणतो की आपल्या घरात बाईला सर्व हक्क आहेत, दुसऱ्याने नाक खुपसू नये, तेव्हा आम्हांला त्याच्या तालुक्याचे सातबारे आठवतात. आपणच आपल्या हुकमाला हरताळ फासायचा आणि दुसऱ्याने बोट दाखवले की मजहब खतऱ्यात आला म्हणायचे, हे किती दिवस चालणार?

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. जमातीने चाळीसव्याची देग चढण्यापूर्वी मय्यतच्या वारसांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा मशिदीत वाचून दाखवावा. ज्या घरात बहिणीचा वाटा दाबला आहे, त्या घरच्या दावतीला मौलानांनी जाऊ नये. बेनमाजीच्या घरी जेवायला आढेवेढे घेणारे आहेत, मग गासिबाच्या घरचे कसे चालते? मेहर रुपयांत न लिहिता तोळ्यांत लिहावी. आणि फराइजचा धडा मदरशात फक्त मुलांनाच नव्हे, मुलींनाही द्यावा.

बाकीचे आम्ही करतो आहोत. माणूस वारल्यावर तीन महिन्यांत वारसाची वर्दी तलाठ्याला द्यायची असते. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस चावडीवर लागते आणि बहीण दिलेली असते चाळीस कोसांवर, तिला पत्ता लागत नाही. आता सरकारच्या ‘आपली चावडी’वर ती मोबाइलवरही दिसते. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे आणि यादी उघडायची, एवढेच. आमच्यापैकी काही जणी शाळा सुटल्यावर आयांना हे दाखवतात. परवा एकीने आपल्या बापाच्या गावाचे नाव सांगितले, यादी वर सरकवत नेली, बापाचे नाव आले, खाली दोन्ही भावांची आली. मग विचारले, पंधरा दिवसांतले किती उरलेत. मोजले तर चार होते. ती म्हणाली, ‘अर्ज लिहा, आपा. भाईजानला मी फोन करते.’